ऑइल पेंटचे पोपडे, शिसं आणि घरमालकाची जबाबदारी

मे महिना लागला की लातूरच्या ट्यूशन एरियात घरोघरी रंगकाम निघतं. जूनमध्ये पोरं येणार, बरोबर आईबाप खोली बघायला येणार, म्हणून भिंतींना डिस्टेंपर आणि दारं-खिडक्यांना चकचकीत ऑइल पेंट. नांदेडला क्लासेसच्या गल्ल्यांत हेच, संभाजीनगरात कामगार राहतात त्या वस्त्यांतही हेच. या घाईत रंगाच्या डब्यावरची एक बारीक ओळ सहसा कुणी वाचत नाही: शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नाही. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, "कंपनीला लिहावंच लागतं ते." लिहावं का लागतं, हे मात्र त्यालाही सांगता येत नाही.

पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती भाग. ९० पीपीएम म्हणजे वाळलेल्या एक किलो रंगात फार तर ९० मिलिग्रॅम शिसं. ही मर्यादा केंद्र सरकारने १ नोव्हेंबर २०१६ रोजी नियम काढून घातली आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधी मानकं होती, पण ती पाळणं कंपनीच्या मर्जीवर होतं. खोली भाड्यानं देणाऱ्यानं ही दुसरी तारीख लक्षात ठेवावी, कारण तिच्या आधी ज्या दाराला रंग लागला, त्या रंगात काय होतं याची हमी कुणीच देऊ शकत नाही.

शिसं रंगात घालतात कशाला?

कंपन्यांना शिशाचा सोस होता असं नाही. शिशाचे काही क्षार झकास रंग देतात. लेड क्रोमेटचा पिवळा आणि नारिंगी ऊन-पावसात टिकतो, फिका पडत नाही. हाच भडक पिवळा हळदीत भेसळ म्हणूनही सापडलेला आहे. शेंदूर म्हणजेही परंपरेनं शिशाचं ऑक्साइड. लोखंडाला गंज लागू नये म्हणून ते प्रायमरमध्ये वापरत. शिवाय ऑइल पेंट लवकर वाळावा म्हणून त्यात जी वाळवणी घालतात, तिच्यातही शिसं असायचं.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. ग्रिलला मारतात तो विटकरी 'रेड ऑक्साइड' म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, त्याचा शिशाशी संबंध नाही. 'रेड लेड' वेगळा, तो शेंदरी दिसतो. जुन्या गजांवरचा रंग उडाल्यावर खालून शेंदरी थर दिसला तर तिथे सावध व्हायचं.

चुन्यात शिसं नाही. पाण्यात कालवायच्या डिस्टेंपरमध्ये आणि इमल्शनमध्येही त्याची भीती फार कमी. शंका घ्यायची ती तेलाच्या, चकाकणाऱ्या रंगावर: दार, चौकट, खिडकीचे गज, ग्रिल, जिन्याचा कठडा, लोखंडी कपाट, पाळणा.

अंगात गेल्यावर काय होतं?

शरीराला शिसं आणि कॅल्शियम यांतला फरक नीट कळत नाही. लग्नाच्या पंगतीत मुलीकडच्यांना वाटतं हा मुलाकडचा, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचा, आणि बिनबोलावता बसलेल्याच्या पानात लाडू पडतात. शिशाचं तसंच होतं. कॅल्शियम समजून ते हाडांत घेतलं जातं आणि तिथे वर्षानुवर्षं मुक्काम करतं. रक्तातलं शिसं महिना-दोन महिन्यांत कमी झालेलं दिसतं, हाडातलं दशकं राहतं. बाई गरोदर राहिली की हाडातलं कॅल्शियम बाळासाठी सुटतं, त्याच्याबरोबर हेही सुटतं.

मोठ्या माणसाला त्यानं रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडाला त्रास होतो. पण खरा घाव बसतो तो लहान मुलांच्या मेंदूवर. बुद्धी, लक्ष, वागणं या सगळ्यावर परिणाम होतो आणि झालेलं नुकसान पुरतं भरून येत नाही. तेवढंच शिसं पोटात गेलं तरी लहान मूल मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शोषून घेतं. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. आपल्याकडे मुलांमध्ये रक्तक्षय किती आहे हे अंगणवाडीताईंना विचारा.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळी माहीत नाही. युनिसेफ आणि प्रदूषणावर काम करणारी प्युअर अर्थ ही संस्था यांच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात डेसिलीटरला (१०० मिलिलीटरला) ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे. त्यातली मोठी संख्या भारतातली. ही सगळी रंगानं बाधलेली नाहीत. जुन्या बॅटऱ्या वितळवण्याचे उद्योग, भेसळीचे मसाले, काही भांडी, सुरमा अशी कारणं बरीच आहेत. घरमालकाच्या हातात त्यातलं एकच आहे.

एक पोपडा, थोडं गणित

"एवढ्याशा पोपड्यानं काय होतंय?" हा प्रश्न हमखास येतो, म्हणून हिशेब करूनच बघू.

समजा दारावरच्या जुन्या रंगात एक टक्का शिसं आहे. म्हणजे १०,००० पीपीएम. बंदीआधीच्या पिवळ्या-नारिंगी ऑइल पेंटसाठी हा आकडा काही अचाट नाही. अशा रंगाचा एक ग्रॅमभर पोपडा घ्या. त्यात शिसं १० मिलिग्रॅम, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. आता दहा किलो वजनाचं मूल घ्या. त्याच्या अंगात रक्त सुमारे ८०० मिलिलीटर, म्हणजे आठ डेसिलीटर. डेसिलीटरला ५ मायक्रोग्रॅम या पातळीला, जिथे जागतिक आरोग्य संघटना शिशाचा स्रोत शोधा म्हणते, त्याच्या सगळ्या रक्तात मिळून शिसं भरतं ४० मायक्रोग्रॅम. पोपड्यातलं सगळं शिसं शोषलं जात नाही, जे शोषलं जातं तेही सगळं रक्तात राहत नाही. तरी १०,००० आणि ४० यांतलं अंतर बघा. ९० पीपीएमच्या रंगाचा तेवढाच पोपडा असता तर त्यात ९० मायक्रोग्रॅम असतं.

मुलानं पोपडा उचलून खाल्लाच पाहिजे असंही नाही. जास्त करून शिसं जातं ते धुळीतून. खिडकी रोज उघडली-मिटली की लाकडावर लाकूड घासतं, रंगाचं पीठ खिडकीच्या कट्ट्यावर पडतं. दोन वर्षांचं पोर त्या कट्ट्याला धरून उभं राहतं, गजाला दात लावतं, मग तोच हात तोंडात. मराठवाड्यात एप्रिल-मेचं ऊन पश्चिमेच्या दारावर असं तळपतं की चार-पाच वर्षांत रंगाला भेगा पडून पापुद्रे सुटायला लागतात.

जुना वाडा धोक्याचा की नवा फ्लॅट?

अमेरिकेत हा प्रश्न सोपा आहे. तिथे घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, म्हणून १९७८ च्या आधीचं घर संशयित. आपल्याकडे घराच्या वयावरून काही ठरत नाही. माळवदाचं शंभर वर्षांचं घर, पांढऱ्या मातीच्या भिंती, वर चुन्याचा हात आणि दाराला नुसतं तेल पाजलेलं, अशा घरात शिसं असायचं कारणच नाही. उलट २०१० साली बांधलेल्या अपार्टमेंटमध्ये पिवळ्या ऑइल पेंटची ग्रिल असेल तर तिथे असू शकतं. लातूर-धाराशिवकडे १९९३ च्या भूकंपानंतर हजारो घरं नव्यानं उभी राहिली, ती सगळी २०१७ च्या आधी रंगलेली आहेत.

तेव्हा घर किती जुनं हे सोडा. तेलाचा रंग कधी लावला आणि त्याच्याखाली किती थर आहेत ते विचारा. वर नवा रंग दिला म्हणून खालचा जात नाही. नव्या थराला भेग पडली की जुना थरही तिथून उघडा पडतो.

आणखी एक फट आहे. २०१६ चे नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरते आहेत, औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. कारखान्यात उरलेला यंत्राचा रंग स्वस्तात मिळाला म्हणून घरच्या गेटला मारणं ही आपल्याकडची जुनी काटकसर. तो डबा आज विकत घेतलेला असला तरी घरात वापरायचा नाही.

कायदा काय म्हणतो?

घरमालकानं शिसं तपासून घेतलंच पाहिजे, असा खास कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत आहे: १९९२ च्या कायद्याप्रमाणे जुनं घर भाड्यानं देताना रंगातल्या शिशाबद्दल जे माहीत असेल ते लेखी सांगावं लागतं, सरकारी माहितीपुस्तिका द्यावी लागते आणि सहीचे कागद तीन वर्षं जपावे लागतात. हे ऐकून इथला घरमालक निश्चिंत होतो. ते बरोबर नाही.

आपले अकरा महिन्यांचे करार असतात त्यांना लिव्ह अँड लायसन्स म्हणतात, म्हणजे मालकी न देता राहायची परवानगी. ही परवानगी ज्या कायद्यावर उभी आहे तो १८८२ चा सुविधाधिकार कायदा. त्याचं ५७ वं कलम सांगतं: जागेत एखादा दोष राहणाऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोक्याचा असेल, तो मालकाला माहीत असेल आणि राहणाऱ्याला माहीत नसेल, तर मालकानं तो सांगितलाच पाहिजे. ५८ वं कलम म्हणतं, जागा धोकादायक होईल असं काही मालकानं करायचं नाही. रीतसर भाडेपट्टा असेल तर त्याच वर्षीच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ असंच लपलेला मोठा दोष सांगायला लावतं. या कलमांत शिशाचं नाव नाही. विहिरीच्या सडक्या कठड्याचंही नाही. तरी कठडा सडलाय हे दडवून कुणाला राहायला दिलं तर काय होईल, हे कुणाला सांगावं लागत नाही.

जुन्या भाडेकरूंची गोष्ट वेगळी. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता म्हणून इथे १९५४ चा हैदराबादचा भाडे कायदा चालायचा. २००० सालापासून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. तो ज्या शहरांना लागू आहे तिथे, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर, कलम १४ प्रमाणे जागा राहण्याजोग्या दुरुस्तीत ठेवणं मालकाचं काम. नोटीस देऊन १५ दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. केंद्राचा २०२१ चा नमुना भाडे कायदा राज्यानं स्वीकारला तरच लागू होतो, पण त्याच्या परिशिष्टात भिंतींची सफेदी आणि दारं-खिडक्यांचा रंग स्पष्टपणे मालकाच्या बाजूला लिहिलेला आहे. वारं कुठल्या दिशेनं आहे ते कळायला एवढं पुरे.

"तपासलंच नाही तर माहीतही नाही, मग जबाबदारी कसली?"

चतुर प्रश्न आहे, आणि अर्धा बरोबरही. ५७ वं कलम माहीत असलेल्या दोषाबद्दल आहे. म्हणून काही जण सल्ला देतात: तपासूच नका, कागदच तयार करू नका.

या सल्ल्यात दोन भोकं आहेत. पहिलं, ५८ वं कलम मालकाला काय माहीत होतं ते विचारत नाही, मालकानं काय केलं ते विचारतं. भाडेकरू आत राहत असताना तुम्ही पेंटर पाठवला, त्यानं जुनं दार कोरडं घासलं, घरभर धूळ केली, तर धोका तुम्ही आणून ठेवलात. दुसरं, निष्काळजीपणाचा दावा झाला तर कोर्ट एवढंच बघत नाही की तुम्हाला ठाऊक होतं का. साधारण समज असलेल्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं का, हेही बघतं. इतकी वर्षं प्रत्येक डब्यावर ती ओळ छापून येत असताना "मला काय माहीत" हे दरवर्षी थोडं थोडं लंगडं होत जातं.

दावा जिंकणं भाडेकरूलाही सोपं नाही. शिसं याच दारातून गेलं, हळदीतून किंवा वडिलांच्या बॅटरीच्या कामातून नाही, हे सिद्ध करावं लागेल. म्हणून उद्या कोर्टात खेचले जाल अशी भीती मी घालणार नाही. पण आपल्याकडे बहुतेक घरमालक खालच्याच मजल्यावर राहतात आणि जिन्याच्या त्या कठड्याला त्यांचीच नातवंडं लोंबकळतात. कोर्टाचा विचार त्यानंतर.

खरवडायचं कसं?

सगळ्यात मोठी चूक होते ती रंगकामाच्या दिवशीच. रंग धड असेल, सुटत नसेल, तर त्याला हात लावू नका. वरून चांगला प्रायमर आणि नवा थर द्या, शिसं आत बंद राहतं. फक्त जिथे लाकूड लाकडावर घासतं तिथे हे टिकत नाही. खिडकीची झडप अडकत असेल तर आधी सुताराकडून बिजागऱ्या नीट करून घ्या.

पोपडे सुटलेच असतील तर पेंटर काय करतो ते डोळ्यासमोर आणा. पत्तीनं खरवडतो, मग पॉलिश पेपर घेऊन कोरडंच घासतो, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होतो, आणि संध्याकाळी त्याच कपड्यांनी घरी जाऊन लेकराला उचलून घेतो. थर जाड असेल तर काही जण ब्लो लॅम्पनं जाळून काढतात. हे तर कधीच करू देऊ नका, त्या धुरातूनही शिसं छातीत जातं. अमेरिकेत २०१० पासून जुन्या घरात रंग असा जाळायला आणि धूळ ओढून घेणारी सोय नसलेल्या यंत्रानं घासायला बंदी आहे. तिथला नियम असा की १९७८ आधीच्या घरात, तपासून नाही म्हणून ठरेपर्यंत, शिसं आहेच असं धरून काम करायचं. आपण २०१७ आधीच्या ऑइल पेंटला हाच नियम लावला तर बिघडत काही नाही.

ओलं करून घासा. पाण्याची बोलणी ऐकून घ्यावी लागतील. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथे मे महिन्यात हे सांगणं जिवावर येतं. पण लागतं किती? फवाऱ्याची एक बाटली दाराला पुरते, फरशी पुसायला बादलीभर. खाली जाड प्लॅस्टिक अंथरा, खोलीतलं सामान बाहेर काढा, मुलं आणि गरोदर बाई घरात असतील तर काम पुरतं आटपेपर्यंत त्यांना दुसरीकडे ठेवा. पेंटरला चांगला मास्क द्या, तोंडाला बांधलेला रुमाल चालत नाही. काम झाल्यावर झाडू मारू नका, त्यानं धूळ उडते. साबणाच्या पाण्यानं दोनदा पुसा, दुसऱ्यांदा पाणी बदलून.

निघालेले पोपडे प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत बांधून, रंगाच्या रिकाम्या डब्यांसारखेच, घंटागाडीत वेगळे द्या. परसात टाकू नका, कुंडीत तर नाहीच. आणि जुनी चौकट निघाली की ती सरळ बंबाखाली जाते, ते थांबवा. रंगवलेलं लाकूड जाळलं की शिसं धुरात जातं, उरलेलं राखेत. त्याच राखेनं कुणीतरी भांडी घासतं.

"लहान मुलं असणाऱ्यांना खोलीच देत नाही"

हा उपाय बरेच जण करतात, कारणं वेगळी असतात. यानं धोका कमी होतो, संपत नाही. नवं जोडपं राहायला आलं तर मूल होण्याआधी घर बदलेलच असं नाही. सतरा-अठरा वर्षांच्या मुली खोलीवर राहतात, त्यांच्या हाडांत आज जे साठेल ते पुढच्या बाळंतपणात सुटेल. सुट्टीत भावंडं येतात. शिवाय रिकाम्या खोलीपेक्षा दोन दारं नीट करून घेणं स्वस्त पडतं.

तपासून घ्यायचं झालं तर?

रंगाचा थर लाकडापर्यंत खरवडून, सगळे थर येतील असा तुकडा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवता येतो. एक्सरे-किरणांनी जागेवरच शिसं मोजणारं उपकरण असतं, ते सल्लागार संस्थांकडे आणि काही शैक्षणिक संस्थांत मिळतं. रंग बदलणाऱ्या घरगुती पट्ट्या ऑनलाइन दिसतात. त्यांनी 'नाही' म्हटलं तर त्यावर विसंबू नका, खालचा थर त्यांना सहसा दिसत नाही. एक-दोन दारांचाच प्रश्न असेल तर तपासणीत पैसे घालण्यापेक्षा शिसं आहे असं धरून काम करा. दहा-बारा खोल्यांचं हॉस्टेल असेल तर मात्र तपासणी परवडते.

भाडेकरूनं मुलाच्या रक्ताचा अहवाल आणून दाखवला तर वाद घालत बसू नका. अहवालाची प्रत घ्या, घरातला सुटलेला रंग त्याच आठवड्यात बंद करा, आणि कुटुंबाला डॉक्टरांचा सल्ला घ्यायला सांगा. शिशाच्या खात्रीच्या तपासणीला शिरेतून काढलेल्या रक्ताचा नमुना लागतो, मोठ्या पॅथॉलॉजी लॅब तो पुढे पाठवतात.

करारात आणि डिपॉझिटमध्ये

आपल्याकडे अजून बाँडवर लिहून नोटरी केली की करार झाला असं समजतात. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ करार लेखी आणि नोंदणीकृत हवा म्हणतं, ती जबाबदारी मालकावर टाकतं, आणि नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरतं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे रंगाबद्दल तुम्ही तोंडी कितीही सांगितलं असलं तरी ते सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर.

करारात दोन-तीन साधी वाक्यं पुरतात. दारं-खिडक्यांना २०१७ आधीचा तेलाचा रंग आहे, त्यात शिसं असू शकतं. कुठेही रंग सुटलेला दिसल्यास भाडेकरूनं लगेच कळवावं, मालक अमुक दिवसांत दुरुस्त करील. भाडेकरूनं स्वतः खरवडू किंवा घासू नये. सोबत प्रत्येक दार-खिडकीचा तारखेसह फोटो, नव्या डब्याच्या त्या बारीक ओळीचा फोटो आणि दुकानाचं बिल. 'जागा आहे त्या स्थितीत दिली' एवढं एक वाक्य टाकून माहीत असलेला धोका दडवता येईल, या भरवशावर राहू नका.

आणि डिपॉझिट. खोली सोडताना रंगकामाचे म्हणून महिन्याभराचं भाडं कापून घ्यायची पद्धत सगळीकडे आहे. कापायचेच असतील तर त्या पैशातून खरोखर रंग द्या, ओलं करून घासून द्या, आणि पावती ठेवा. दरवर्षी पोरांकडून रंगाचे पैसे घेतले आणि गजावरचे पोपडे तसेच राहिले, तर पुढे कधी वाद झालाच तेव्हा रंगाची जबाबदारी कुणाची होती हे तुमच्याच डिपॉझिटच्या हिशेबातून समोरचा वकील वाचून दाखवील.